गरिबी वेगळी, भेदभाव वेगळा

मिरजेतल्या दवाखान्यांपासून साताऱ्यातल्या कट्ट्यांपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "जातीचं काय घेऊन बसलात, खरा प्रश्न गरिबीचा. पैसा आला की तब्येतही सुधारते." गरिबी कशी आजारी पाडते हे सगळ्यांना ठाऊक आहे: अपुरं खाणं, ओल धरलेलं घर, अंगावर काढलेला ताप. त्यावर जास्त लिहीत नाही.

भेदभाव मात्र खिसा बघत नाही. 1901 च्या सुमाराला छोटे भीमराव आणि बरोबरची मुलं साताऱ्याहून वडिलांकडे खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाली. अंगावर चांगले कपडे, भाड्याला पैसे, डब्यात जेवण. मसूर स्टेशनवर जात कळली आणि गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी स्वतः हाकावी लागली. रात्री प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून डबा भरलेला असूनही पोरं उपाशी झोपली. यात गरिबी कुठे आहे?

अमेरिकेतला वंशभेद हेच आकड्यांत दाखवतो. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या 2019 च्या अहवालानुसार, पदवीधर काळ्या स्त्रियांमध्ये गरोदरपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण पदवीधर गोऱ्या स्त्रियांच्या पाचपट होतं. शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही ते जास्तच भरलं.

अपमान झाला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, रक्तदाब चढतो. तेवढं शरीर सावरून घेतं. घातक आहे ती पुढच्या अपमानाची चाहूल. कोण कधी काय बोलेल, कुठे बसू देतील, या धास्तीत शरीर सैल पडतच नाही. झोपेत उतरायला हवा तो रक्तदाब पुरेसा उतरत नाही. अशी वर्षं साचली की हृदय आणि रक्तवाहिन्या वयाआधी थकतात.

"मिश्री, तंबाखू, दारू सोडत नाहीत, मग आजारी पडणारच," हे ऐकलं की मला राग येतो. सततच्या ताणाला माणूस हाताशी असेल तो उतारा शोधतो, आणि त्या ताणाचं कारण कुणी विचारत नाही. ज्या दवाखान्यात हात न लावता लांबूनच तपासलं, तिथे तो पुन्हा पाऊल टाकत नाही. आपण त्याला निष्काळजी म्हणून मोकळे होतो.

आरोग्य शिबिरात रेशनकार्डाचा रंग विचारतात. त्यातून फक्त उत्पन्न कळतं. रोजचा भेदभाव मोजायला समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडलेली प्रश्नावली साधी आहे: लोक तुमच्याशी कमी आदरानं वागतात का? दुकानात, हॉटेलात इतरांपेक्षा वाईट वागणूक मिळते का? असं किती वेळा होतं? बीपी मोजताना हे तीन प्रश्न विचारायला खर्च काहीच नाही.