रिअल ॲनालिसिसची पार्श्वभूमी: वर्गात घडलेलं गणित

विद्यापीठात रिअल ॲनालिसिसचा, म्हणजे कॅल्क्युलसचा पाया काटेकोरपणे रचणाऱ्या विषयाचा, पेपर सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक विधान येतं: वरून बद्ध असलेल्या प्रत्येक अरिक्त संचाला लघुतम ऊर्ध्वसीमा, म्हणजे वरच्या सगळ्या मर्यादांतली सर्वात लहान मर्यादा, असते. मग क्रमिका, अभिसरण, सांतत्य, विकलन, रीमानचं संकलन, एकसमान अभिसरण आणि सत्र संपता संपता, वेळ उरलाच तर, फूरिये श्रेणी. शाळेत कॅल्क्युलसची उदाहरणं सफाईने सोडवणारी मुलं इथे अडखळतात. दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं, हेच त्यांना कळत नाही. यात त्यांचा दोष नाही. इतिहासात हा क्रम जवळपास उलटा घडला आहे: फूरियेचा प्रश्न १८०७चा आणि पहिल्या आठवड्यातला पाया १८७२चा. मुलांच्या हाती आधी उत्तर पडतं, आणि ते कोणत्या प्रश्नाचं आहे हे पुष्कळदा सांगितलंच जात नाही.

न्यूटन आणि लायब्निझ यांच्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं कॅल्क्युलस पक्क्या पायाशिवाय चाललं. बिशप बर्कलीने १७३४ मध्ये बोट ठेवलं होतं ते अगदी नेमक्या जागी. विकलज (डेरिव्हेटिव्ह) काढताना वाढ शून्य नाही असं धरून तिने भागायचं आणि पुढच्याच ओळीत तीच वाढ शून्य म्हणून सोडून द्यायची, हे कुठल्या तर्कात बसतं? उत्तर कोणाकडे नव्हतं. पण ग्रहांच्या कक्षा बरोबर निघत होत्या, म्हणून घाईही कोणाला नव्हती. ऑयलरसारखा गणिती १−१+१−१+… या श्रेणीची बेरीज ½ मानून पुढे जाई आणि बहुतेक वेळा त्याची जाण त्याला योग्य उत्तरापर्यंत नेई.

फूरियेने ही निश्चिंती मोडली. उष्णतेच्या वहनावरचा प्रबंध त्याने १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे ठेवला. त्याचा दावा होता की कोणतंही फलन, मग त्याचा आलेख मध्येच तुटलेला का असेना, साइन आणि कोसाइनच्या अनंत बेरजेत मांडता येतं. लाग्रांजला हे पटलं नाही, आणि प्रबंध तेव्हा छापला गेला नाही. फूरियेचं पुस्तक आलं ते १८२२ मध्ये. सिद्धता कच्ची होती, पण पद्धत चालत होती. त्यामुळे एरवी टाळता आले असते असे प्रश्न अंगावर आले. फलन म्हणजे नक्की काय? अनंत पदांची बेरीज म्हणजे काय? श्रेणीचे सहगुणक संकलनाने काढायचे, तर तुटक फलनाचं संकलन म्हणजे तरी काय? आजच्या अभ्यासक्रमाची निम्मी प्रकरणं या तीन प्रश्नांतून निघाली आहेत.

पण प्रश्न पडणं वेगळं आणि कोणीतरी बसून पाया रचणं वेगळं. ते काम झालं शिकवण्याच्या गरजेतून, आणि मला या इतिहासातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते. अठराव्या शतकातले थोर गणिती बहुधा अकादम्यांत आणि राजदरबारी असत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलिटेक्निक निघालं आणि त्यांना भरल्या वर्गापुढे उभं राहावं लागलं. समोरच्या विद्यार्थ्याला सुरुवातीपासून समजवायचं तर सुरुवात कुठे आहे हे आधी ठरवावं लागतं. लाग्रांजने तिथे शिकवताना प्रत्येक फलन घातश्रेणीत मांडता येतं असं धरून अनंतसूक्ष्म राशी टाळून पाहिल्या. कोशीने तो मार्ग बंद केला. e^(−1/x²) हे फलन घ्या आणि x=० ला त्याची किंमत ० धरा. शून्यापाशी त्याचे सगळे विकलज शून्य येतात, म्हणून तिथली टेलर श्रेणी (विकलजांवरून बनणारी घातश्रेणी) सपाट शून्य, पण फलन मात्र शून्य नाही.

कोशीचं १८२१चं पाठ्यपुस्तक त्याच्या तिथल्या व्याख्यानांसाठी तयार झालं. सीमा, सांतत्य आणि अभिसरण यांना आज ओळखू येईल असं रूप त्यात मिळालं. अभियंते घडवणाऱ्या संस्थेत मूलतत्त्वांवर इतका वेळ कशाला, अशी तक्रार विद्यार्थ्यांनीही केली आणि संस्थाचालकांनीही. (प्रागमध्ये बोल्झानोने मध्यवर्ती मूल्याच्या प्रमेयाची काटेकोर सिद्धता १८१७ मध्येच छापली होती. तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही, आणि दोनच वर्षांत त्याची प्राध्यापकी गेली.)

कोशीच्या या पुस्तकात एक प्रमेय आहे: संतत (आलेख न तुटणाऱ्या) फलनांची अभिसारी (बेरीज ठरावीक किमतीकडे जाणारी) श्रेणी घेतली तर तिची बेरीजही संतत असते. विशीतल्या आबेलने १८२६च्या निबंधात तळटीप लिहून या प्रमेयाला अपवाद दाखवला:

sin x − ½ sin २x + ⅓ sin ३x − …

प्रत्येक पद संतत आहे. −π आणि π यांच्या मध्ये बेरीज x/२ येते. म्हणजे π च्या जरा अलीकडे ती π/२ च्या जवळ असते. नेमक्या π वर प्रत्येक पद शून्य, म्हणून बेरीज शून्य. पलीकडे गेलो की ती −π/२ च्या जवळून सुरू होते. बेरीज तुटली! ही फूरियेच्याच घराण्यातली श्रेणी आहे, कुठून तरी शोधून आणलेलं विचित्र उदाहरण नव्हे.

मग सिद्धतेत चूक कुठे होती? प्रत्येक x पाशी श्रेणी बेरजेच्या हव्या तितक्या जवळ जाते, पण त्यासाठी किती पदं घ्यावी लागतात हे x प्रमाणे बदलतं. π च्या जितकं जवळ जावं तितकी पदं वाढत जातात. सगळ्या x ना पुरेल असा पदांचा एकच आकडा, एकच N, मिळत नाही. 'प्रत्येक x साठी एक N आहे' आणि 'एक N असा आहे की जो प्रत्येक x ला चालतो' ही दोन वाक्यं ऐकायला सारखी वाटतात, आणि त्यांच्यातला फरक भल्याभल्यांच्या नजरेतून निसटला. दुसऱ्या वाक्यातली अट म्हणजेच एकसमान अभिसरण. जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या १८४१च्या लिखाणात ते आहे. स्टोक्स आणि झायडल यांनी १८४७च्या सुमारास एकमेकांच्या नकळत त्याच गाठीला हात घातला. कोशी स्वतः या प्रमेयाकडे परतला तो १८५३ मध्ये. परीक्षेत दोन गुणांना विचारली जाणारी ही व्याख्या पदरात पडायला पाव शतक गेलं, हे वर्गात सांगायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

'हवं तितकं जवळ' यासारखे शब्द काढून तिथे एप्सिलॉन-डेल्टाची (किती जवळ हे संख्यांनीच बांधणारी) असमता बसवली ती वायरश्ट्रासने. बरीच वर्षं माध्यमिक शाळांत शिकवून तो १८५६ मध्ये बर्लिनला आला. ॲनालिसिसवर त्याने पाठ्यपुस्तक काढलं नाही. विद्यार्थ्यांनी उतरवलेल्या वह्यांतूनच त्याची व्याख्यानं युरोपभर पसरली. बर्लिनच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता, तेव्हा सोफिया कोवालेव्हस्कायाला १८७० पासून त्याने खाजगीत शिकवलं.

डेडेकिंडची गोष्टही वर्गातलीच. १८५८च्या शरद ऋतूत तो झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये कॅल्क्युलस शिकवत होता. वाढत जाणारी पण बद्ध राहणारी राशी एखाद्या सीमेकडे जातेच, हे सांगताना त्याला रेषेच्या चित्राचा आधार घ्यावा लागला आणि ते त्याला सलत राहिलं. २४ नोव्हेंबरला त्याला वाट सापडली. परिमेय संख्यांचे दोन भाग करायचे, डाव्या भागातली प्रत्येक संख्या उजव्या भागातल्या प्रत्येक संख्येहून लहान. ज्यांचा वर्ग २ पेक्षा मोठा आहे अशा धन संख्या उजवीकडे आणि बाकीच्या सगळ्या डावीकडे ठेवल्या, तर मधल्या जागी एकही परिमेय संख्या नसते. तो छेद म्हणजेच √२. छापायला त्याने १८७२ उजाडू दिलं. त्या पुस्तिकेत तो म्हणतो की √२·√३=√६ याची खरी सिद्धता त्याच्या माहितीप्रमाणे तोवर कोणीच दिलेली नव्हती. त्याच वर्षी कॅन्टरने परिमेय संख्यांच्या क्रमिकांवरून वास्तव संख्या उभ्या केल्या. त्यालाही तिथे नेलं होतं त्रिकोणमितीय श्रेणींच्याच एका प्रश्नाने.

आणि त्याच वर्षी, १८ जुलैला, वायरश्ट्रासने बर्लिनच्या अकादमीपुढे सर्वत्र संतत पण कुठेच विकलनक्षम नसलेलं फलन ठेवलं. अनेकांना ते रुचलं नाही. असल्या फलनांपासून आपण भयाने तोंड फिरवतो, असं एर्मितने १८९३ मध्ये एका पत्रात लिहिलं.

विसाव्या शतकात ही सगळी मांडणी पदवीच्या वर्गात स्थिरावली. इंग्लंडमध्ये हार्डीच्या १९०८च्या पाठ्यपुस्तकाने ती केंब्रिजच्या पहिल्या वर्षापर्यंत आणली. पुढे रुडिनच्या १९५३च्या छोटेखानी पुस्तकाने तिला इतकं आटोपशीर केलं की अनेक देशांतले अभ्यासक्रम आजही त्याच धाटणीचे आहेत. एक धागा मात्र बहुतेक पहिल्या पेपरांबाहेरच राहतो. परिमेय x ला १ आणि अपरिमेय x ला ० असं फलन डिरिक्लेने १८२९ मध्ये फूरिये श्रेणींवरच्या निबंधातच पुढे केलं होतं. रीमानच्या १८५४च्या व्याख्येने त्याचं संकलन होत नाही. लबेगच्या १९०२च्या प्रबंधातल्या व्याख्येने ते होतं आणि शून्य येतं. ते शिकायला पुढच्या पेपरची, मेझर थिअरीची (संचांची 'लांबी' मोजण्याच्या शास्त्राची) वाट पाहावी लागते.