मुलांवरील अत्याचार रोखण्याचा आर्थिक हिशेब : अमेरिकेतील पार्श्वभूमी

मुलांची घरात होणारी मारहाण, लैंगिक अत्याचार आणि टोकाची हेळसांड वेळीच रोखली तर सरकारचा आणि समाजाचा पैसाही वाचतो, हा युक्तिवाद प्रामुख्याने अमेरिकेत घडत गेला. तिथल्या सरकारी तिजोरीतून पैसा नेमका कोणत्या टप्प्यावर बाहेर पडत होता, हे पाहिल्याशिवाय त्याचे महत्त्व कळत नाही.

१९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांच्या मारहाणीमुळे मुलांना होणाऱ्या गंभीर इजांवरील निबंध प्रसिद्ध केला. असा संशय आल्यास डॉक्टरांनी तो कळवलाच पाहिजे, असे कायदे १९६७ पर्यंत सर्व राज्यांत झाले आणि १९७४ मध्ये केंद्रीय कायदाही आला. तक्रारी वाढल्या, पण पुढच्या उपायांसाठीचा पैसा एकाच दिशेने वाहत होता. १९८० च्या कायद्यानुसार, घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या पात्र मुलांच्या संगोपनासाठी, म्हणजे फॉस्टर केअरसाठी, राज्यांना केंद्राकडून हक्काची प्रतिपूर्ती मिळे. मुलाला घर सोडण्याची वेळच येऊ नये यासाठीच्या कामाला मात्र मोजके अनुदान होते. या इतिहासातील सर्वांत दुःखद बाब माझ्या मते हीच आहे.

प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा याच काळात न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात तयार होत होता. संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ४०० गर्भवतींची निवड केली. त्या सर्वांचे हे पहिलेच बाळंतपण होते आणि त्यांपैकी बहुतेक जणी किशोरवयीन, अविवाहित किंवा गरीब होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे गट पाडण्यात आले आणि एका गटाच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका नियमित जात राहिल्या. पंधरा वर्षांनंतरच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या कुटुंबांतील अत्याचार व हेळसांडीच्या नोंदी तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्म्याने कमी आढळल्या.

१९९८ मध्ये रँड या संशोधन संस्थेने याच प्रयोगाचा जमाखर्च मांडला. अविवाहित आणि गरीब मातांच्या कुटुंबांत सरकारची बचत खर्चाच्या सुमारे चौपट निघाली. कमी जोखमीच्या कुटुंबांत मात्र खर्चही भरून निघाला नाही. त्यामुळे ‘प्रतिबंध नेहमीच फायद्याचा’ असे सरसकट विधान या आकड्यांच्या आधारे करता येत नाही. शिवाय या बचतीचा मोठा वाटा आईला कमी लागलेल्या सरकारी मदतीचा आणि घटलेल्या गुन्ह्यांचा होता. मुलाचे वाचलेले दुःख त्या ताळेबंदात कुठेच नव्हते.

पुढचे संशोधन मुलाच्या उर्वरित आयुष्याकडे वळले. अर्थशास्त्रज्ञ जॅनेट करी आणि मानसशास्त्रज्ञ कॅथी विडम यांनी २०१० मध्ये दाखवले की न्यायालयीन नोंदींनुसार बालपणी अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्या व्यक्ती मध्यमवयात शिक्षण, नोकरी, कमाई आणि मालमत्ता या चारही बाबतींत मागे राहतात, आणि स्त्रियांचे नुकसान अधिक होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) अभ्यासकांनी अत्याचार किंवा हेळसांड सोसून जिवंत राहिलेल्या प्रत्येक बालकामागे आयुष्यभराचा खर्च सुमारे २,१०,००० डॉलर मांडला. २०१८ च्या अंदाजात तो सुमारे ८,३०,००० डॉलरवर गेला. ही वाढ प्रामुख्याने मोजणीची पद्धत बदलल्यामुळे झाली, कारण वेदना आणि खालावलेले जीवनमान यांनाही आता किंमत दिली गेली. हा बदल योग्यच होता, असे मला वाटते.

फॉस्टर केअरसाठी राखलेला केंद्रीय निधी प्रतिबंधक सेवांवर वापरण्याची मुभा अखेर फेब्रुवारी २०१८ च्या कायद्याने दिली. ती मुख्यतः फॉस्टर केअरच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांच्या कुटुंबांपुरती आणि पुराव्यांच्या कसोटीला उतरलेल्या सेवांपुरतीच आहे. तक्रार होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या गरोदरपणातच घरी पोहोचणाऱ्या परिचारिकांचे काम मात्र आजही बऱ्याच प्रमाणात २०१० च्या आरोग्य कायद्याने सुरू केलेल्या वेगळ्या, ठरावीक मुदतीनंतर नव्याने मंजूर करून घ्याव्या लागणाऱ्या अनुदानावर चालते.