कलीला व दिमना : चित्रित हस्तलिखिते

पंचतंत्रातील करटक व दमनक या कोल्ह्यांची नावे अरबी-फार्सीत ‘कलीला’ व ‘दिमना’ झाली आणि त्याच नावाने हा कथासंग्रह इराणच्या दरबारांत लिहिला व रंगवला गेला. सासानी सम्राट पहिला खुस्रो (कारकीर्द ५३१–५७९) याच्यासाठी बुर्झोय याने केलेले पहलवी (मध्ययुगीन फार्सीपूर्वीची इराणी भाषा) भाषांतर लुप्त झाले आहे. त्यावरून इब्न अल्-मुकफ्फा याने आठव्या शतकाच्या मध्यास अरबी पाठ सिद्ध केला. त्याचे फार्सी रूपांतर गझनवी बहरामशाहासाठी नस्रुल्ला मुन्शी याने सु. ११४४ मध्ये केले. पंधराव्या शतकातील हेरातच्या प्रती याच फार्सी पाठाच्या आहेत.

चित्रणाची परंपरा ग्रंथचित्रांहून जुनी असावी. पंजिकंद (आजचे ताजिकिस्तान) येथील सु. आठव्या शतकातील सोग्दी (मध्य आशियातील प्राचीन इराणी लोकांच्या) भित्तिचित्रांत सिंह व सशाची गोष्ट ओळखता येते.

इस्तंबूल विद्यापीठ ग्रंथालयातील ‘कलीला व दिमना’च्या चित्रांचा काळ अत्यंत वादग्रस्त आहे. मूळ ग्रंथातून कापून ती सफावी (सोळाव्या शतकातील इराणी राजघराणे) काळातील चित्रसंग्रहात चिकटवलेली असल्याने पुष्पिका (लेखनकाळ सांगणारी अखेरची नोंद) उरलेली नाही. सारी भिस्त शैलीवर. आरंभीच्या काही अभ्यासकांनी ती बाराव्या शतकापर्यंत मागे नेली होती. सफावी दरबारातील सुलेखनकार दोस्त मुहम्मद याने १५४४ च्या सुमारास एका चित्रसंग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत, इराणचा इल्खानी (मंगोल) शासक अबू सईद (कारकीर्द १३१७–३५) याच्या काळी अहमद मूसा या चित्रकाराने ‘कलीला व दिमना’ रंगवल्याचे म्हटले आहे. ती हीच चित्रे, असे काही मानतात. मात्र हा पुरावा दोन शतकांनंतरचा आहे. या चित्रांत झाडे, खडक व पाणी चौकट ओलांडून थेट समासात पसरतात. अवकाशाची ही प्रौढ जाण पाहता चौदाव्या शतकाचा तिसरा चरण, म्हणजे इल्खानींनंतरच्या जलायरी घराण्याच्या काळातील तब्रीझ, अधिक संभवनीय वाटतो.

तैमूरी राजपुत्र बायसुंगुर याच्यासाठी हेरातला झालेली प्रत (हिजरी ८३३, इ. स. १४२९–३०, तोपकापी संग्रहालय, इस्तंबूल) मात्र निश्चित काळाची आहे. तिच्यातील एका चित्रात सिंह शंजबा बैलाला (पंचतंत्रातील संजीवक) फाडत आहे आणि दोन्ही कोल्हे ते पाहत उभे आहेत. चित्रकाराने नीतिपाठ न लिहिता तो त्या दोघांच्या पाहण्यात ठेवला आहे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस हुसैन वाइज काशिफी याने हेरातमध्ये ‘अन्वार-ए-सुहैली’ हा अलंकारिक पाठ रचला. अकबराच्या चित्रशाळेने मुख्यतः तोच हाती घेतला. त्याची १५७० ची प्रत लंडनमध्ये असून अकबरकालीन काही चित्रे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.