दत्तकपत्र की मृत्युपत्र? सज्ञान पुतण्याला ‘आपला’ करण्याच्या दोन वेगळ्या वाटा

काकूंचे वय ६८, पुतण्याचे ४१. काका जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही, आणि दवाखान्यापासून वीजबिलापर्यंत सगळे हा पुतण्याच पाहतो. अशा घरात कधी ना कधी काकू म्हणतात, ‘याला एकदा दत्तक घेऊन टाकते, म्हणजे घर याच्या नावावर होईल.’ त्यांच्या या एका वाक्यात कायद्याच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. घर देण्यासाठी मृत्युपत्र असते आणि मुलगा करून घेण्यासाठी दत्तक असते. मृत्युपत्रामुळे मालमत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते. दत्तकामुळे माणूसच एका घरातून दुसऱ्या घरात जातो. हा फरक लक्षात न घेता उचललेल्या कागदामुळे पुढे भावाभावांत उभे राहणारे दावे वर्षानुवर्षे चालतात, म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

आधी मूळ शंका: एकेचाळीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस दत्तक जाऊ शकतो का? हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम १० नुसार दत्तक जाणारी व्यक्ती अविवाहित आणि पंधरा वर्षे पूर्ण न झालेली असावी लागते. परंतु त्याच कलमात, संबंधित पक्षांना लागू असलेली रूढी परवानगी देत असेल तर या दोन्ही अटींना अपवाद ठेवला आहे. महाराष्ट्रात हा अपवाद फार महत्त्वाचा ठरतो. मूळच्या पैठणच्या, काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ हा हिंदू धर्मशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. लग्न झालेला, इतकेच नव्हे तर मुलगा झालेला पुरुषही दत्तक होऊ शकतो, हे आपल्या वडिलांचे मत त्यांनी त्यात आदराने नोंदवले आहे. पश्चिम भारतातील न्यायालयांनी पुढे हाच मार्ग धरला, आणि जुन्या मुंबई राज्यातील ही रूढी न्यायालयांनी मान्य केलेली असल्यामुळे ती प्रत्येक दाव्यात नव्याने सिद्ध करावी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. जुन्या मुंबई राज्याबाहेरच्या भागातून आलेल्या कुटुंबांनी मात्र आपल्याकडे ही रूढी लागू आहे का, हे आधी तपासून घ्यावे. बाल न्याय कायद्याखालचे दत्तक अठरा वर्षांखालील मुलांसाठीच असते, त्यामुळे तो मार्ग येथे उपयोगाचा नाही. आणि १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू असल्याने ख्रिस्ती, मुस्लिम किंवा पारशी कुटुंबाला सज्ञान व्यक्ती दत्तक घेण्याची वाट त्यात मिळत नाही.

वयाची अट रूढीने सुटली तरी बाकीच्या अटी कायम राहतात. काकूंना मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा हयात असता कामा नये. स्त्रीने पुरुषाला दत्तक घ्यायचे असेल तर तिचे वय त्याच्यापेक्षा किमान २१ वर्षांनी जास्त हवे. आपल्या उदाहरणात अंतर २७ वर्षांचे आहे, पण धाकट्या काकू आणि थोरल्या दिरांचा मुलगा अशी जोडी असेल तर नेमके येथेच अडते. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली अट म्हणजे दत्तक देण्याचा अधिकार मुळात आईवडिलांचा असतो. सज्ञान माणसाला स्वतःला दत्तक देता येत नाही, आणि थोरला भाऊही त्याला देऊ शकत नाही. त्यामुळे पुतण्याचे आईवडील दोघेही वारले असतील तर त्याला देणार कोण, हा प्रश्न सुटत नाही आणि मृत्युपत्राची वाट उरते.

हे देणे-घेणे प्रत्यक्ष घडावे लागते. दत्तहोम, म्हणजे दत्तकाच्या वेळचा होम, झालाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही, पण जन्मदात्याने दिले आणि दत्तक घेणाराने घेतले, हे घडलेच पाहिजे. अशा एका दत्तकविधानाला मी हजर होतो. पाटावर बसलेल्या, कानशिलाजवळचे केस पिकलेल्या पुतण्याचा हात त्याच्या सत्तरी ओलांडलेल्या वडिलांनी आपल्या हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग भावजयीच्या हातात दिला. काकूंनी त्याला जवळ ओढून त्याच्या तोंडात साखर घातली. त्या क्षणी खोलीत कोणी बोलले नाही. त्या वडिलांनी त्या दिवशी खरोखरच काहीतरी दिले होते, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होते, आणि कायद्याला अपेक्षित असलेले देणे ते हेच. दत्तकपत्र ही या घटनेची नोंद आहे. देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्यांनिशी ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवले, तर दत्तक कायदेशीररीत्या झाले असे न्यायालय उलट पुरावा येईपर्यंत गृहीत धरते.

मृत्युपत्राला यातले काहीच लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन एवढे पुरते. नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक शुल्क नाही, आणि पुतण्याच्या आईवडिलांना विचारण्याचेही कारण नाही. ते काकूंच्या मृत्यूनंतरच अमलात येते. तोवर पुतण्याचा घरावर कवडीचाही हक्क नसतो, आणि काकूंना ते केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. दत्तकाचे याच्या नेमके उलट आहे. १९५६ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एकदा वैध दत्तक झाले की घेणाऱ्याला ते रद्द करता येत नाही, आणि दत्तक गेलेल्यालाही परत फिरता येत नाही. चार वर्षांनी मने फाटली तरी नाते कायद्याने तेच राहते. दत्तक मुलगा या नात्याने वृद्ध आईला पोसण्याचे बंधनही त्याच्यावर येते आणि त्याने टाळाटाळ केली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली काकूंना दाद मागता येते, कारण त्या कायद्यातील ‘आईवडील’ या शब्दात दत्तक आईवडीलही धरले आहेत. नुसते मृत्युपत्रात नाव आहे म्हणून असे बंधन कोणावर येत नाही.

पुतण्याच्या बाजूने पाहिले तर दत्तकाचे वजन आणखी जाणवते. आपल्याकडे माणसाच्या नावाच्या मधोमध वडिलांचे नाव असते, आणि दत्तकाने नेमके तेच बदलते. राजपत्र, आधार, पॅन, बँक, नोकरीच्या ठिकाणचे सेवापुस्तक, अशी सगळीकडे चाळीस वर्षे वापरलेल्या नावाची दुरुस्ती करत हिंडावे लागते. त्याने स्वतः कमावलेले आणि त्याच्या नावावर आधीच आलेले सर्व त्याचेच राहते. परंतु जन्मदात्या वडिलांचा वारस म्हणून असलेले त्याचे स्थान संपते, आणि एकत्र कुटुंबाची वाटणी झालेली नसेल तर त्यातला अविभक्त हिस्साही जातो, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. दत्तक जाण्यापूर्वी झालेल्या त्याच्या मुलांचा प्रश्न तर शंभर वर्षांहून जुना आहे: बाप नव्या घराण्यात गेला तरी आधी जन्मलेला मुलगा जुन्याच घराण्यात राहतो, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ मध्ये दिला होता. म्हणून दहा वर्षांचा मुलगा असलेल्या पुतण्याने हो म्हणण्यापूर्वी बायकोला बरोबर घेऊन वकिलाकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

या दोहोंच्या मधे एक तिसरा कागद फिरत असतो आणि सर्वाधिक नुकसान त्याच्यामुळेच होते. मुद्रांक कागदावर ‘यास मी मुलगा मानले असून माझ्या पश्चात सर्व मिळकत यास मिळावी’ असे लिहून नोटरीचा शिक्का घेतला जातो. देणे-घेणे झालेले नसते, म्हणून ते दत्तक होत नाही. दोन साक्षीदारांचे साक्षांकन नसेल तर ते मृत्युपत्रही होत नाही. काकूंना काय हवे होते हे त्या कागदावरून सर्वांना समजते, तरीही पुतण्याच्या हाती काही लागत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. काकूंना घरच द्यायचे असेल तर त्यांनी चांगले, नोंदवलेले मृत्युपत्र करावे. त्यासाठी एका म्हाताऱ्या बापाला मुलगा द्यायला लावू नये. मुलगाच हवा असेल, आणि दोन्ही घरांना ते मनापासून मान्य असेल, तर दत्तक घ्यावे. मात्र दत्तक घेतले म्हणजे घर आपोआप मिळालेच, असेही समजू नये. १९५६ च्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, दत्तक घेतल्यानंतरही आपल्या मालमत्तेची हवी तशी व्यवस्था लावण्याचा काकूंचा अधिकार अबाधित राहतो. शिवाय दत्तकामुळे आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही. पंधरा वर्षांपूर्वी, पुतण्या दूरच्या गावी नोकरीला असताना, काकूंनी घर देवस्थानाच्या नावे लिहून तो कागद ट्रंकेत ठेवला असेल आणि नंतर त्या ते विसरल्या असतील, तर दत्तकपत्राची नोंदणी झालेल्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा ती ट्रंक उघडावी.