क्लोरीनची उपउत्पादने आणि सांगलीचे नळाचे पाणी

पाण्यातले जंतू मारण्यासाठी घातलेल्या क्लोरीनचा पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होऊन जी रसायने तयार होतात, ती निर्जंतुकीकरणाची उपउत्पादने. ट्रायहॅलोमिथेन (यात क्लोरोफॉर्म मुख्य) आणि हॅलोअ‍ॅसिटिक आम्ले हे त्यांचे दोन मोठे गट. क्लोरीन दिलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो, हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवले.

सांगली कृष्णेचे पाणी पिते. पावसाळ्यात नदी माती आणि कुजका पालापाचोळा घेऊन येते, आणि शेरी नाल्याचे सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न तर कित्येक वर्षांचा आहे. पाण्यात घाण जितकी जास्त, तितका क्लोरीन जास्त लागतो आणि उपउत्पादनेही वाढतात. उन्हाळ्यातले कोमट पाणी आणि नळयोजनेच्या टोकापर्यंतचा लांबचा प्रवास यांनी त्यात भर पडते. म्हणून दोष क्लोरीनच्या माथी मारणे चूक आहे. मूळ दुखणे नदीत आहे. तुरटीने गाळ नीट बसवून, पाणी गाळून मग क्लोरीन दिला तर उपउत्पादने बरीच कमी होतात. गाळ बसण्याआधीच भरमसाठ डोस दिला की ती वाढतात.

ओटी चाचणीत, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकून पाहताना, परीक्षानळीतले पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी हवाच. उपउत्पादनांचा पत्ता मात्र या पिवळ्या रंगावरून लागत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातली रसायने वेगळी करून मोजणारे यंत्र) असलेली प्रयोगशाळा लागते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार लिटरमागे क्लोरोफॉर्म ०.२ आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन ०.०६ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

धोका आज प्यायले आणि उद्या आजारी पडले, असा नसतो. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे जास्त असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. जन्मतः कमी वजनाबाबतचे पुरावे कच्चे आहेत. याउलट क्लोरीनच दिला नाही, तर गॅस्ट्रो, कावीळ, कॉलरा काही दिवसांत गाठतात. पुरानंतर तर क्लोरीनमध्ये काटकसर करणे जिवावर बेतू शकते.

ट्रायहॅलोमिथेन हवेत उडून जातात. त्यामुळे दार-खिडकी लावून कढत पाण्याने आंघोळ करताना ते श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातात. न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी. पिण्याचे पाणी झाकण न ठेवता उकळले तर ते बरेचसे निघून जातात, पण हॅलोअ‍ॅसिटिक आम्ले मागे राहतात. सक्रिय कोळशाचा फिल्टर दोन्ही गट कमी करतो, मात्र त्याचा कोळसा वेळच्या वेळी बदलावा लागतो.