लाल दिवा लुकलुकतो, पण गाडी ओरडत का नाही? इमोबिलायझर आणि सायरन

आमच्या गिरगावच्या वाडीत गाडी आत शिरत नाही, त्यामुळे सावंतकाकांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असते. एका सकाळी तिची मागची काच फुटलेली आणि सीटवरची लॅपटॉपची बॅग गायब. काकांचा राग चोरापेक्षा गाडीवरच जास्त. "शोरूमवाला छाती ठोकून म्हणाला होता, इमोबिलायझर आहे म्हणून! रात्रभर तो लाल दिवा लुकलुकतो. मग ओरडली का नाही?"

ओरडली नाही, कारण इमोबिलायझर ओरडत नाही. ओरडतो तो सायरन, म्हणजे अलार्म. दोन्हींना सरसकट ‘सिक्युरिटी सिस्टीम’ म्हणून विकतात, त्यात डॅशबोर्डवर लाल दिवा एकच, त्यामुळे भलेभले फसतात.

इमोबिलायझर असतो चावीत आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये. चावीच्या काळ्या मुठीत एक इवलीशी चिप बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. चावी जिथे फिरवतो तिथे आतून तारेचं एक कडं असतं, ते चिपला वीज पुरवतं आणि चिप आपला सांकेतिक क्रमांक परत पाठवते. जुळला तर इंजिन चालू, नाही तर कॉम्प्युटर पेट्रोलच सोडत नाही. काही गाड्यांत स्टार्टरही फिरत नाही, काहींत इंजिन क्षणभर लागतं आणि बंद पडतं. मारुतीने यालाच ‘आयकॅट्स’ नाव दिलं आहे.

दोन्ही वेगळे आहेत याची परीक्षा घरच्या घरी होते. रिमोटचा सेल संपला की बटण दाबून दार उघडत नाही, पण चावीने दार उघडा, गाडी सुरळीत चालू होते. उलट, स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडून नुसती घासून आणलेली चावी दार उघडेल, आत फिरेलही, पण गाडी ढिम्म हलणार नाही, कारण तिच्यात चिप नाही.

ही चिप किती कामाची आहे ते अमेरिकेने दाखवून दिलं. युरोपात १९९८मध्ये नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला, अमेरिकेत नाही. तिथे ह्युंदाई आणि किया यांच्या साधारण २०११ ते २०२१मधल्या चावी फिरवून चालू होणाऱ्या अनेक गाड्या चिपशिवायच विकल्या गेल्या. २०२२मध्ये पोरांनी समाजमाध्यमांवर दाखवलं, की स्टिअरिंगखालचं कव्हर उचकटून यूएसबी केबलच्या टोकाने गाडी चालू करता येते. मग चोऱ्यांची लाटच आली. पैसे वाचवायचे तर कुठे वाचवू नयेत, त्याचा नमुनाच म्हणा ना.

पण काकांच्या चोराला गाडी न्यायचीच नव्हती. काच फोडली, बॅग उचलली, पसार. इमोबिलायझरला यातलं काही कळलंही नसेल. मुंबईत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला भीती असते ती जास्त करून सुट्या भागांची: साइड मिरर, स्टेपनी, पुढचा लोगो, म्युझिक सिस्टीम. मिररची नुसती काच तर एका झटक्यात निघते. म्हणूनच टॅक्सीवाले काचेवर गाडीचा नंबर कोरून घेतात. कोरलेली काच पुन्हा विकणं अवघड.

इथे उपयोग सायरनचा. दाराला आणि बोनेटला स्विच असतो, शिवाय धक्का ओळखणारा शॉक सेन्सर. कंपनीने दिलेल्या बऱ्याच सायरनमध्ये शॉक सेन्सर नसतोच, फक्त दार उघडलं तर बोंब. काच फोडून आत हात घातला तर तोही गप्प. विकत घेण्याआधी हे विचाराच. बाहेरून बसवून घेणार असाल तर वायरिंग कापून जोडणाऱ्याला दुरून नमस्कार करा, वॉरंटीचा वाद आयुष्यभर पुरतो. आणि पार्किंगच्या भांडणातून कुणी चावीने ओरखडा काढला, तर तो सायरनलाही जाणवत नाही. त्याला कॅमेरा हवा, नाही तर वॉचमनशी बरे संबंध.

बटणस्टार्ट, म्हणजे चावी खिशात ठेवून बटणाने चालू होणाऱ्या गाडीवाल्यांनी इमोबिलायझरवर फार विसंबू नये. दारालगत खिळ्याला लटकवलेल्या चावीचा सिग्नल एक चोर यंत्राने पकडतो आणि गाडीपाशी उभ्या दुसऱ्याकडे पोचवतो. गाडीला वाटतं मालक आला. चावी पत्र्याच्या डब्यात ठेवून गाडीपाशी जा, दार उघडत नसेल तर डबा कामाचा. याशिवाय गिअर लॉक, म्हणजे गिअरचा दांडा अडकवणारं कुलूप लावा. जुनाट दिसतो, पण त्याला सिग्नलने फसवता येत नाही.

विम्याचीही अशीच गल्लत होते. नव्या गाडीला सप्टेंबर २०१८पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा, एकदम घ्यावा लागतो, त्यामुळे ‘विमा आहे’ या समजात माणूस निवांत. पण चोरी आणि फोडलेली काच भरून मिळते ती ‘ओन डॅमेज’मधून आणि तो बहुधा वर्षाचाच असतो. तारीख बघा. दुसरी चावीही सांभाळा, गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मागते. आणि हो, जागेवर गाडी नाही म्हणून बोंब ठोकण्याआधी ती टोचन करून नेली का तेवढं विचारा.

काकांनी शेवटी शॉक सेन्सरवाला सायरन बसवला. अनंत चतुर्दशीला चौपाटीकडे निघालेल्या पहिल्याच ढोलपथकाने गाडी जी ओरडायला लागली, ती थांबेना. अशा सेन्सरला बहुधा एक बारीक स्क्रू असतो, तो उलटा फिरवला की संवेदना कमी होते. काका डॅशबोर्डखाली डोकं घालून पेचकस फिरवत होते, मी बाहेरून काचेवर आधी टिचकी, मग तळहात, मग मूठ मारून बघत होतो. मुठीला ओरडली पाहिजे, टिचकीला नाही. पाचव्या खेपेला जमलं, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "अहो, कोण गाडी फोडतंय खाली?"