बालपणातील आघात आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे जोखमीचे वर्तन

लहानपणी सोसलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड किंवा घरातले व्यसन आणि पुढे कॉलेजच्या वयातली बेसुमार दारू, नशा, असुरक्षित शरीरसंबंध, बेफाम गाडी चालवणे, स्वतःला इजा करणे यांच्यातला संबंध.

या विषयाचा धागा सापडला तो लठ्ठपणाच्या उपचारांत. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या वजन घटवण्याच्या उपक्रमातून, ज्यांचे वजन चांगले उतरत होते तेच रुग्ण मध्येच निघून जात. विचारपूस केल्यावर अनेकांनी लहानपणच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले. डॉक्टरांना जो लठ्ठपणा आजार म्हणून दिसत होता, तो या रुग्णांसाठी चिलखत होता. पुढे फेलिटी आणि त्यांचे सहसंशोधक रॉबर्ट अँडा यांनी १९९५-९७ मध्ये १७,००० हून अधिक प्रौढांची माहिती घेतली. चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम आघात नसलेल्यांच्या ४ ते १२ पट आढळली (१९९८). हे लोक बहुतांशी मध्यमवयीन होते. विद्यार्थ्यांवरचे अभ्यास नंतर झाले आणि त्यांचा कलही त्याच दिशेने आहे.

दाराची कडी वाजली की बाप आज प्यायलाय का, हे आवाजावरून ओळखणाऱ्या मुलाचे शरीर सतत सावध राहायला शिकते. हॉस्टेलवर कडी वाजवणारे कोणी नसते, पण सावधपणा जात नाही. दोन पेगनंतर तो तासभर शांत होतो. म्हणून नुसत्या ‘दारू वाईट’ छापाच्या व्याख्यानाचा अशा मुलांवर फारसा परिणाम होत नाही. त्यातच आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो.

भारतात महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालासाठी महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. ‘लहान आहे, विसरेल’ हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही.

मात्र आघातांची बेरीज (आघाताच्या प्रत्येक प्रकाराला एक गुण) म्हणजे भविष्य नव्हे. एकदाच घडलेले आणि वर्षानुवर्षे चाललेले, दोन्ही तिथे एकच गुण मिळवतात. एकट्या व्यक्तीची जोखीम ठरवायला ही बेरीज वापरू नये, असे अँडा यांनीच २०२० मध्ये बजावले.